सांचीचा महास्तूप आणि प्रदक्षिणा



‘स्तूप’ हा शब्द संस्कृताच्या अभ्यासकास परका नाही. धातुपाठात त्याचे मूळ राशी करणे, उंच रचणे या अर्थी सापडते. ऋग्वेदातील एका मंत्रद्रष्ट्या ऋषीचे तर नावच हिरण्यस्तूप आहे. परंतु विदिशेजवळील सांचीच्या टेकडीवर महास्तूपासमोर उभा राहिलेला देवालयाचा उपासक प्रथम गोंधळतो. येथे गाभारा नाही, आत शिरावयास मार्गही नाही. तोरणे चार आहेत. परंतु ती आत न नेता भोवती फिरवितात.

अशोकाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात येथे विटांचा स्तूप बांधिला. शुंगकाळी त्यावर दगडांचे आच्छादन चढवून तो जवळजवळ दुप्पट करण्यात आला. आज त्याचा व्यास सुमारे १२० फूट व उंची सुमारे ५४ फूट आहे. खाली मेधी, तीवर अर्धगोल अंड, अंडाच्या माथ्यावर चौकोनी कठड्याची हर्मिका, तीत यष्टी आणि यष्टीवर छत्रे, अशी ही रचना आहे. छत्र हे राजचिन्ह. ज्याने राज्य सोडिले, त्याच्याच स्मृतीवर ते धरिलेले आहे.

भोवतीची वेदिका दगडी असली, तरी तिची जुळणी लाकडी कुंपणासारखी आहे. तोरणातून येणाऱ्यास वळण घेऊनच प्रदक्षिणापथावर उतरावे लागते. दुसरा पथ मेधीवर आहे. सातवाहनकाळच्या या तोरणांपैकी दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. तोरणांवर बुद्धचरित्र कोरिले आहे; पण त्यात मानवरूपी बुद्ध नाही. बोधिवृक्ष, धर्मचक्र, पादचिन्हे आणि रिकामे आसन यांनीच त्याचे सान्निध्य सुचविले आहे. शेकडो दानलेखांत राजांपेक्षा भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी व गृहिणी यांचीच नावे अधिक आहेत.

१८१८ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडला तेव्हा या स्तूपाचा घुमट अभंग होता. १८२२ मध्ये एका अधिकाऱ्याने आत काय आहे हे पाहण्यासाठी एका बाजूने तो वरपासून खालपर्यंत फोडिला. त्यामुळे पश्चिम तोरण व वेदिकेचा काही भाग कोसळला. १८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांनी पुन्हा मध्यभाग खणिला, परंतु महास्तूपात धातू सापडले नाहीत. शेजारच्या तिसऱ्या स्तूपात मात्र सारिपुत्र व मौद्गल्यायन यांचे अवशेष मिळाले. ते इंग्लंडला गेले, पुढे परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्याच नव्या विहारात प्रतिष्ठित झाले. महास्तूपाची भग्न बाजू १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी दगडावर दगड ठेवून पुन्हा उभी केली.

सज्जनहो, या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ज्यांनी हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी स्तूप फोडिला, त्यांच्या हाती माती आली. शतकानुशतके ज्यांनी त्याला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घातली, त्यांनी आत काय आहे असे विचारिलेही नाही. तरीही ते रिक्त हस्ताने परतले नाहीत. उपासनेचे मध्य डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते नाही असे होत नाही. त्याच्याभोवती नम्रपणे चालत राहणे, हाच त्याच्या जवळ जाण्याचा मार्ग होय.