म्हाताऱ्यांचा पगार आणि ग्रामसभेची नजर
(तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून वनहक्काच्या दाव्यांवर बोलणं झालं. मला म्हाताऱ्या माणसांच्या पगारावर बोलायला सांगितलं आहे. काही जण म्हणतील, जमिनीची लढाई चालू असताना हा विषय मध्येच कुठून आला? त्याचं उत्तर आपल्या दाव्यांच्या फाईलीतच आहे.

वनहक्क कायद्याचा १३ वा नियम पुराव्यांचा आहे. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं म्हणणं हा त्यात एक पुरावा आहे. कोणाच्या आज्याने कुठलं रान फोडलं, जुना पाडा कुठे होता, देव कुठे बसवलेला, ही माहिती त्यांनी सांगितली, आपण लिहिली, त्यांनी खाली अंगठा केला. त्यांच्या शब्दावर आपले दावे उभे आहेत. आणि तोच म्हातारा पगारासाठी कचेरीत गेला की त्याला विचारतात, "बाबा, तुझं वय झालंय, याला पुरावा काय?"

आता हा पगार काय आहे ते नीट समजून घेऊ. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात लिहिलं आहे की म्हातारपणात माणसाला सरकारी मदत मिळेल यासाठी राज्याने तरतूद करायची. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा महिन्याला ७५ रुपये होते. पुढे २०० झाले. २०११ साली ८० वर्षांवरच्यांना ५०० केले. पण ८० च्या खालच्यांचे २०० आहेत तिथेच आहेत. तेव्हा २०० रुपयांत किती तांदूळ यायचे आणि आता किती येतात, हे बायांना विचारा. आपल्या राज्याची श्रावणबाळ योजना वरची भर घालते, म्हणून २०२३ पासून महिन्याचे १५०० झाले. केंद्राने २०११ साली वयाची अट ६० वर आणली, पण श्रावणबाळला ६५ च लागतात. जन्मभर भट्टीवर विटा वाहिलेल्या माणसाचं शरीर ६५ ची वाट बघत नाही. ६५ च्या आत जे निराधार, विधवा, अपंग आहेत त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे, तीही लक्षात ठेवा.

मग अडतं कुठे? चार ठिकाणी अडतं.

पहिलं, वयाचा दाखला. आपले म्हातारे शाळेत गेले नाहीत. आधार कार्डावर कोणीतरी अंदाजाने १ जानेवारी तारीख टाकली, ती कधी दहा वर्षं कमी. पण योजनेत फक्त शाळेचा दाखला लागतो असं नाही. रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं, आणि काहीच नसेल तर सरकारी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरने वय ठरवून दिलेला दाखला चालतो. हे खिडकीवर सांगत नाहीत.

दुसरं, हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे का, याची दरवर्षी पडताळणी होते. दिवाळीनंतर अर्धा पाडा भट्टीवर. म्हातारीला मागे कोण सांभाळणार म्हणून तीही पोराबरोबर जाते. परत येते तेव्हा पगार बंद. खाणारी, चालणारी, बोलणारी म्हातारी कागदावर नाही.

तिसरं, अंगठा. आयुष्यभर कोयता-कुदळ धरून बोटाच्या रेषा झिजल्या. मशीन अंगठा घेत नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालून, गाडीभाडं घालून गेलेला माणूस रिकामा परत येतो.

चौथं, एजंट. फॉर्म भरायचे पैसे, मंजुरीचे पैसे, आणि पासबुक त्याच्याच खिशात.

कोणी म्हणेल, यावर सरकारची देखरेख आहे ना? आहे. तालुक्याला समिती आहे, जिल्ह्याला अधिकारी आहेत, दिल्लीला महालेखापाल आहेत. महालेखापालांनी या पेन्शनचा २०१७-१८ ते २०२०-२१ चा हिशोब तपासला. मेलेल्यांच्या नावाने पैसे गेले, हे त्यांना सापडलं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे २ कोटी ८३ लाख रुपये दुसऱ्या योजनांच्या जाहिरातीला वळवले, हेही सापडलं. पण हा अहवाल संसदेत आला २०२३ साली. दिल्लीची नजर पोचेपर्यंत ज्याचा पगार तटला तो म्हातारा असेल की नसेल?

ही नजर आपली पाहिजे. आणि तसा कायदा आहे. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी आहेत. गरिबी हटवण्याच्या योजनांचे लाभार्थी कोण, हे ठरवायची जबाबदारी ग्रामसभेची. आणि सामाजिक क्षेत्रातल्या संस्था व कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार पंचायतीबरोबर ग्रामसभेलाही द्यायचा. दवाखाना, अंगणवाडी, रेशन, पेन्शन, हे सगळं सामाजिक क्षेत्रच आहे. आपल्या राज्याचे पेसा नियम २०१४ साली आले. गावाबाहेरचा अधिकारी गावात देखरेख करतो, तसं गावानेही त्याच्या कामावर देखरेख करायची.

म्हणून येत्या ग्रामसभेत ही कामं करू:

१. पाड्या-पाड्याने म्हाताऱ्यांची यादी करू. कोणाला मिळतं, कोणाचं बंद झालं, कोणाला कधीच मिळालं नाही. शिकलेल्या पोरांनी वही घ्यायची आणि घरोघर जायचं.

२. तहसिलातली लाभार्थींची यादी मागू. माहिती अधिकार कायद्याच्या ४ थ्या कलमाप्रमाणे ती त्यांनी आपणहून जाहीर करायची असते. नाही दिली तर अर्ज टाकू. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

३. दोन्ही याद्या ग्रामसभेत मोठ्याने वाचू. जिवंत माणूस उभा राहील आणि म्हणेल, मी आहे. मेलेल्याचं नाव असेल तर तेही लपवायचं नाही, ठरावात लिहायचं.

४. भट्टीवर जाणाऱ्या म्हाताऱ्यांची पडताळणी जायच्या आधी करून घेऊ, आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत तहसिलात देऊन पोच घेऊ. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही. नाव कापलं तर कारण लेखी मागायचं.

५. पासबुक ज्याचं त्याच्या घरात. एजंटाकडचं परत आणायला एकट्या म्हातारीला पाठवू नका, दहा जण जा.

आणखी एक. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला हुकूम दिला की वृद्धांची पेन्शन दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायची. त्याला वीस वर्षांच्या वर झाली. आपल्याकडे तीन-तीन महिने पैसे येत नाहीत आणि आपण "येतील कधीतरी" म्हणून बसतो. या पुढे ७ तारीख उलटली की ८ ला गावाचा अर्ज तहसिलात गेला पाहिजे.

शेवटी तरुणांना सांगते. मी बारावी शिकली, तुम्हीही शिकताय. आपण कायदे वाचतो, नकाशे काढतो, जीपीएस घेऊन रान मोजतो. पण कुठून कुठपर्यंत मोजायचं हे म्हातारी माणसं दाखवतात. त्यांतलं एक माणूस औषधावाचून, पोटावाचून लवकर गेलं, तर जमिनीचा एक साक्षीदार जातो. साक्षीदार म्हणून नाही तरी आपला आजा, आपली आजी म्हणून त्यांना सुखाने दोन घास मिळाले पाहिजेत. ही सरकारची मेहेरबानी नाही. त्यांनी आयुष्यभर केलेल्या मेहनतीचं ते देणं आहे.

यादीची वही आजच घेऊन जा. पुढच्या बैठकीला रिकामी आणू नका.

जोहार! जिंदाबाद!