दुरुस्त केलेले ऑईल इंजिन घरी आणताना



रोवणी आटोपली आणि पावसाने दडी मारली की धानाच्या बांधीला भेगा पडू लागतात. मामा तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचेलच असे नाही. अशा वेळी नाल्यावरचे ऑईल इंजिन चालले तर पीक हाती लागते. वीजपंप आले, सौरपंप आले, तरी जंगलपट्टीतल्या कितीतरी गावांत हे इंजिनच अजून अडीअडचणीला कामी येते. म्हणून उन्हाळ्यात आपण ते चंद्रपूरला, मूलला किंवा ब्रह्मपुरीला नेतो, बोअर करून घेतो, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा नव्या टाकतो. त्यात बराच पैसा जातो. पण दुकानात ठणठणीत चाललेले इंजिन घरी आल्यावर चालत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष मिस्त्रीच्या कामाचाच असतो असे नाही. वाटेत काय झाले, तेही पाहावे लागते.

पहिली गोष्ट. इंजिन ताब्यात घेण्यापूर्वी ते आपल्यासमोर चालवून पाहा. कोणते भाग नवे टाकले, बोअर आणि बेअरिंग कोणत्या मापाचे बसवले, हे बिलावर लिहून घ्या. पुढच्या दुरुस्तीला हाच कागद उपयोगी पडतो. मग इंजिन पुरते थंड होऊ द्या. टाकीतले डिझेल आणि जॅकेटमधले पाणी काढून टाका. खालचे ऑईल काढले असेल तर 'ऑईल नाही' अशी चिठ्ठी हँडल लावण्याच्या जागी बांधा. घरी पोचल्यावर घाईघाईत कोणी ऑईलशिवाय इंजिन फिरवले, तर नव्या बेअरिंगांची काही मिनिटांत वाट लागते.

दुसरी गोष्ट, उघडी तोंडे. हवा घेण्याचे तोंड, सायलेन्सरचे तोंड आणि डिझेलच्या नळ्यांची टोके बंद करा. डिझेल पंपाच्या आतली फट माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक असते. आपल्या वाटेवरची मुरमाची धूळ आत गेली की पंप आणि नोझल खराब झालेच समजा. लाकडी बूच किंवा प्लॅस्टिकचे टोपण लावा. कापड लावायचे तर मोठे घ्या, ते तोंडावरून बाहेरून बांधा. आत बोळा कोंबू नका, तो आतच राहून जातो. वरून ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक घाला.

तिसरी गोष्ट, उचलणे. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन फ्लायव्हीलसकट शंभर किलोच्या वर भरते. जुन्या पद्धतीचे, दोन मोठ्या चाकांचे पीटर इंजिन तर तीनशे किलोच्याही वर जाते. टाकी, नळी, रॉकरचे झाकण किंवा सायलेन्सर धरून ते उचलू नका. उचलण्याची कडी असेल तर तिथे साखळी लावा. नसेल तर दोर इंजिनाच्या बुडाखालून घ्या. टांगलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालू नका.

चौथी गोष्ट, बसवणे. पुष्कळजण बंडीत किंवा ट्रॉलीत तणसाची गादी करून त्यावर इंजिन ठेवतात. हे चूक आहे. तणीस दबते, इंजिन कलते आणि सांडलेल्या डिझेलने आगीचीही भीती राहते. ऐनाचे किंवा सागाचे दोन जाड दांडे घ्या आणि इंजिनाच्या पायांच्या भोकांतून बोल्ट घालून त्यावर पक्के कसा. इंजिन उभेच राहिले पाहिजे. बंडीत ते आसाच्या किंचित पुढे ठेवा. मागे ठेवले तर जू वर उचलून बैलांच्या गळ्याला फास बसतो, फार पुढे ठेवले तर मानेवर भार येतो. चारही बाजूंनी दोर ताणून बांधा. दोर नळ्यांवरून नको, भक्कम अंगावरून न्या आणि कड लागते तिथे पोते घाला. फ्लायव्हील फिरू नये म्हणून तेही बांधा. कोस-दोन कोस गेल्यावर थांबून दोर तपासा, तो सैल पडतोच.

माणसांनी भरलेल्या जीपमध्ये इंजिन कोंबू नका आणि ट्रॉलीत इंजिनाशेजारी कोणी बसू नका. एका खड्ड्याने इंजिन सरकले तर पाय जायला वेळ लागत नाही. मूलच्या जंगलातून गडचिरोलीकडे जायचे असो की आष्टीवरून आलापल्लीकडे, दिवसाउजेडी निघा. रात्री रस्त्यावर रानडुक्कर, चितळ, प्रसंगी वाघ आडवा येतो आणि भरल्या गाडीला एकदम ब्रेक मारता येत नाही. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबा. भामरागडजवळ पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढून कितीतरी पावसाळ्यांत वाट बंद पडलेली आहे. इंजिन दुसऱ्या दिवशी पोचले तरी चालते, माणूस पोचला पाहिजे.

आता उतरवणे. दोन मजबूत फळ्यांचा उतार करा. इंजिनाला बांधलेल्या दोराचा वेढा जवळच्या झाडाला किंवा रोवलेल्या खांबाला घाला आणि दोर हळूहळू सोडा. उताराच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

जागेवर बसवल्यावर लगेच हँडल मारू नका. बुचे आणि कापडे मोजून काढा. ऑईल खुणेपर्यंत भरा, पाणी भरा, डिझेल गाळून घाला, नळीतली हवा काढा. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून इंजिन हाताने दहा-वीस वेळा फिरवा. मोकळे फिरले तरच सुरू करा. आधी काही वेळ भाराशिवाय चालवा, गळती आणि आवाज पाहा. पुढचे काही दिवस थोडा भार द्या आणि पहिले ऑईल मिस्त्रीने सांगितलेल्या तासांनी बदला.

बंधूंनो, हे सारे करायला अर्धा दिवस जास्त लागेल. पण ऐन श्रावणात बांधी तडकू लागेल, तेव्हा नाल्यावर पहिल्या हँडलला इंजिन सुरू होईल, आणि तो अर्धा दिवस भरून निघेल.