मोटारदुरुस्ती : हत्यार आणि विद्या



आपल्या घराजवळच्या नाक्यावर, एका लहानशा गाळ्यांत मोटारी व स्कूटरी दुरुस्त करणारा जो मिस्त्री असतो, त्याच्यासंबंधानें चार शब्द सांगण्याचें मीं आज योजिलें आहे. पान्यांचा संच, एक जॅक आणि इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा कान, एवढेंच त्याचें भांडवल असे. कार्ब्युरेटर खोलून साफ करावा, प्लग घासावा, कीं बहुधा गाडी चालूं लागे.

ही स्थिति आतां पालटली आहे. ता. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे निर्बंध लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनहि कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमानें इंधन फवारणारी योजना आली. गाडींतील दोष आतां सांकेतिक अंकांच्या रूपानें नोंदले जातात व ते वाचण्यास स्कॅनर लागतो. साधा स्कॅनर थोडक्या पैशांत मिळतो खरा. परंतु नवा भाग बसवून त्याची संगणकाशीं ओळख करून देणें, किल्ली नव्यानें जुळविणें, अशा कामांस महाग उपकरण लागतें आणि त्यांतील माहिती वरचेवर पैसे भरून अद्ययावत् करावी लागते.

शिवाय, अंक म्हणजे निदान नव्हे. प्राणवायु मोजणाऱ्या सेन्सरचा दोष दिसला म्हणून तो बदलावा, तर खरा दोष एखाद्या तुटक्या तारेंत किंवा सायलेन्सरच्या नळीच्या गळतींत असावयाचा! हा विवेक शिक्षणानेंच येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. नवशिक्या मुलास तो ठीक. परंतु पंचेचाळिशीच्या मिस्त्रीनें गाळा बंद ठेवून वर्गांत बसावें, तर घरीं चूल कशी पेटावी?

ता. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार कंपन्यांस २,५०० कोटि रुपयांहून अधिक दंड केला. सुटे भाग व तपासणीचीं उपकरणें स्वतंत्र गॅरेजांस मिळावींत, असाहि आदेश दिला. प्रकरण पुढें अपिलांत गेलें. पण सर्व कुलुपें उघडलीं, तरी उपकरण विकत घेण्यास पैसा हवाच.

सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रांत आठ-दहा गॅरेजवाल्यांनीं मिळून एक चांगला स्कॅनर घेणें अशक्य नाहीं. प्रशिक्षण संस्थांनीं सायंकाळीं, मराठींतून, महिना-दोन महिन्यांचे वर्ग चालवावे. आणि आपण ग्राहकांनींहि एक संवय सोडावी. डॉक्टरांस तपासणीची फी आपण निमूटपणें देतों. मिस्त्रीनें मात्र दोष शोधण्याचे पैसे मागितले, कीं ‘नुसतें पाहिलेंस, त्याचे कसले पैसे?’ असें विचारतों. त्याच पैशांतून त्याचें पुढचें हत्यार व पुढचें शिक्षण व्हावयाचें असतें. तो गाळा बंद पडला, तर कंपनीच्या वर्कशॉपचें बिल मुकाट्यानें भरण्यावांचून आपणांस गत्यंतर राहणार नाहीं.