ऐकायला एक, अर्थाला दोन

मी निवृत्त फौजी आहे, इंग्रजीचा मास्तर नव्हे. पण सारख्या आवाजाच्या इंग्रजी शब्दांशी आमची गाठ रोजच पडायची.

'कर्नल' घ्या. हुद्दा 'सी'ने लिहायचा, बीमधला गर 'के'ने, उच्चार एकच. हुद्द्याच्या स्पेलिंगमध्ये 'आर' औषधालाही नाही! सैन्याच्या 'कोअर'च्या शेवटी 'पी' आणि 'एस' दोन्ही मुके. पुढे एक 'ई' जास्त पडला, की त्या कोअरचे प्रेत होते. 'स्टेशनरी'चेही तसेच. 'आर'च्या आधी 'ई' असेल तर कागद-पाकिटे, 'ए' असेल तर जागच्या जागी उभे. एन्व्हलपचा 'ई' लक्षात ठेवा, चुकणार नाही.

लिहिताना चुकलात तर लोक हसतील, एवढेच. ऐकताना चुकलात तर?

19 फेब्रुवारी 1989. क्वालालंपूरला उतरणाऱ्या 'फ्लाइंग टायगर'च्या मालवाहू विमानाला कंट्रोलने सांगितले, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. म्हणजे 2400 फुटांवर या. वैमानिकाने 'टू' हा आकडा न धरता 'पर्यंत' असा धरला आणि उत्तर दिले, 'ओके, फोर झीरो झीरो'. 400 फूट! ते उत्तर कंट्रोलने दुरुस्त केले नाही. विमान टेकडीवर आदळले. आतले चौघेही गेले.

म्हणून वायरलेसवर शिस्त असते. 'फाइव्ह'शी घोटाळा नको म्हणून 'नाइन'ला 'नाइनर' म्हणतात. 'बी', 'डी', 'पी' सारखे ऐकू येतात, म्हणून 'ब्राव्हो', 'डेल्टा', 'पापा'. आणि सर्वांत मोठा नियम असा: ऐकलेले परत म्हणून दाखवायचे, आणि सांगणाऱ्याने ते कान देऊन ऐकायचे. क्वालालंपूरला पहिले झाले, दुसरे राहिले.

हे घरीही करा. डॉक्टरांनी फोनवर औषधाचा डोस सांगितला, 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' कळले नाही, तर मान डोलावू नका. "डॉक्टर, एक-पाच की पाच-शून्य?" असे सरळ विचारा. मराठीत विचारा, हिंदीत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजाने 'हो' म्हणण्यात धोका आहे.

जय हिंद!