मुलग्यांचा रंग, मुलींचा रंग



घरी बाळ जन्मास आले की आप्तेष्ट झबली-टोपडी आणतात. दुकानात पहिला प्रश्न असतो, 'मुलगा की मुलगी?' मुलग्यासाठी निळे कापड पुढे येते, मुलीसाठी गुलाबी. हा नियम जणू निसर्गानेच घालून दिला आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

पाश्चात्त्य देशांत ही रूढी दृढ झाली, पण तेथेही ती फार जुनी नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लहान मुलगे व मुली दोघांनाही पांढरे झगे घालीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधील छायाचित्र अशा झग्यातलेच आहे. १९१८ मध्ये तेथील एका व्यापारी नियतकालिकाने तर ठसठशीत गुलाबी मुलग्यांना व नाजूक निळा मुलींना शोभतो, असा सल्ला दिला होता. आपल्याकडे गुलाबी फेटा बांधलेल्या नवरदेवाला कोणी हसत नाही. बोरनहाणात मुलगा असो वा मुलगी, अंगावर काळेच कपडे आणि हलव्याचे दागिने असतात.

'रंगाने काय बिघडते?' असे कोणी विचारील. रंगामागोमाग खेळणीही वाटली जातात. मुलीच्या वाट्याला भातुकली येते, मुलग्याच्या वाट्याला मोटार व ठोकळे. मुलग्याने गुलाबी दप्तर मागितले, तर 'तू काय मुलगी आहेस?' असे हिणवले जाते. शेजारी उभी असलेली बहीण ते ऐकते. मुलगी असणे म्हणजे कमीपणा, हा धडा दोघेही एकाच वाक्यात शिकतात.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, अगदी तान्ह्या मुलामुलींच्या निवडीत हा भेद नसतो. अडीच वर्षांच्या सुमारास मुली गुलाबीकडे वळतात आणि मुलगे तो टाळू लागतात. या वयात मूल भोवतालच्यांचे बोलणे-वागणे टिपत असते.

म्हणून पालकांनी कापड घेताना ते मऊ, सुती व टिकाऊ आहे की नाही, हे पाहावे. थोरल्याची झबली धाकटीला खुशाल घालावीत. शिक्षकांनी रंगपेटी व खेळणी सर्वांपुढे सारखी ठेवावीत. अंगणवाडीसाठी साहित्य खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. गुलाबी रंग वर्ज्य करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. तो मुलीवर लादू नये व मुलग्याला नाकारू नये, एवढेच पुरे.