धान्याची पिशवी संपल्यावर

(महिला संघटनांच्या कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी ख्रिस्ती आहे आणि आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. या दोन गोष्टी मी बरीच वर्षं वेगळ्या ठेवल्या. रविवारी प्रार्थना, सोमवारी मागणी-पुरवठा. आमच्या मंडळीतल्या आम्ही बायका नाताळात गरीब घरी धान्य वाटतो. एके वर्षी एका विधवा बाईनं पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "बाई, हे पंधरा दिवस पुरंल. मग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते शोधताना मी पंडिता रमाबाईंकडे वळले. विधवांचं शिक्षण म्हटलं की त्या आठवतात. पण भूक त्यांनी स्वतः सोसली होती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या सरकारी मदतकेंद्रांत भुकेल्या मुलींची अब्रू सुरक्षित नाही, हे त्यांनी पाहिलं आणि उघड लिहिलं. शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणलं. गुजरातच्या १९००च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

त्यांना नुसतं जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामं बायकांच्या हाती दिली. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतरसुद्धा तिथल्याच बायकांनी छापलं.

१९८१ साली अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की बाजारात धान्य असतानाही माणसं उपाशी मरतात, कारण ते मिळवण्याचं साधन त्यांच्याकडे उरलेलं नसतं. म्हणून पोळीइतकंच पोळी मिळवण्याचं साधन महत्त्वाचं. केडगावला नेमकं तेच बायकांच्या हाती आलं होतं.

पण रमाबाईंना देवी करू नका. उद्योगांवर सगळा खर्च भागत नव्हता. देणग्या लागत, परदेशातूनही येत. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ साली पुण्यात मोठं वादळ उठलं. भुकेल्या मुलीनं अन्न देणाऱ्याचा धर्म घेतला, तर ती तिची मर्जी म्हणायची का? ख्रिस्ती असल्यामुळेच मला हा प्रश्न टाळता येत नाही. भाकरीला अट लागली की सेवेचा सौदा होतो.

आता त्या बाईकडे येते. चौकशी केली तेव्हा कळलं, तिचं आणि मुलीचं नाव दिराच्या शिधापत्रिकेवर होतं. धान्य तिकडेच जायचं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेसाठी घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख धरली आहे. आम्ही तिच्याबरोबर तहसील कचेरीत खेटे घातले. वेगळी शिधापत्रिका मिळाली. माणशी पाच किलो, दोघींचं दहा किलो. त्यावर ती म्हणाली, "बाई, तेल-डाळ कशानं घ्यायची?" म्हणजे पुढचा प्रश्न मजुरीचा. तो आजही सुटलेला नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती. देऊळ असो, चर्च असो, मशीद असो की आपली संघटना, धान्य जरूर वाटा. पण यादी करताना प्रत्येक बाईच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: शिधापत्रिका कुणाच्या नावावर, मजुरी किती, घर-जमीन कुणाची. पिशवी पंधरा दिवसांत संपते. त्या यादीवरून आपल्याला वर्षभर भांडता येईल.