पॅकेज सोडून वेढ्यात शिरलेला रिसालदार

‘अटकेपार झेंडे’ आपण शाळेपासून ऐकतोय. 1758 च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांची फौज लाहोरात शिरली. मराठ्यांना पंजाबात बोलावलं होतं अदीना बेगने, म्हणजे जालंधर भागाच्या फौजदाराने. आजचा एपिसोड त्याच्याकडे नोकरी करून गेलेल्या एका शीख घोडदळ अधिकाऱ्याचा आहे. जस्सासिंग रामगढिया.

हा विषय का? सहा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या. प्रत्येक इंटरव्ह्यूत प्रश्न ठरलेला, ‘आधीची का सोडली?’ मी दर वेळी गोडगोड काहीतरी सांगतो. खरं कारण पगार असतं.

जस्सासिंगचा जन्म 1723 चा, सुतार घराण्यातला. तरुणपणी तो भावांसह अदीना बेगच्या चाकरीत गेला, घोडेस्वारांच्या तुकडीचा प्रमुख झाला. धनी मुघलांचा अधिकारी, आणि मुघल सत्ता तर शिखांच्या मागे हात धुऊन लागलेली. म्हणजे बघा, केवढा पेच!

1748 मध्ये पेच टोकाला गेला. अमृतसरजवळ शिखांनी राम रौनी नावाची मातीची गढी बांधली होती. लाहोरचा सुभेदार मीर मन्नूच्या फौजांनी तिला वेढा घातला. आत पाचशेच्या आसपास शीख, शिधा संपत आलेला. बाहेर अदीना बेगची फौज, आणि त्या फौजेत जस्सासिंग.

आपण हातात ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा देत नाही. हा गडी मात्र जिंकणारी बाजू सोडून भावांसकट उपाशी बाजूला जाऊन मिळाला! पुढे मन्नूचा दिवाण कौडा मल याने मध्यस्थी केली, त्यात अब्दालीही चालून येत होता. वेढा उठला. गढी पुढे नव्याने बांधली, तिला रामगढ म्हणू लागले आणि जस्सासिंग झाला ‘रामगढिया’.

पंजाबचे धनी मात्र बदलतच राहिले. 1752 मध्ये अब्दाली, 1758 मध्ये मराठे. मराठ्यांनी वर्षाला 75 लाखांच्या बोलीवर पंजाब अदीना बेगकडेच सोपवला. मराठ्यांची मुख्य फौज परतली आणि तो पुन्हा शिखांवर उलटला. पण त्याच वर्षी तो मेला. पुढच्या वर्षी अब्दाली परत हजर!

जस्सासिंग आता स्वतःच्या मिसलीचा सरदार होता. मिसल म्हणजे शीख सरदाराची घोडदळी फौज. पण तो काही संत नव्हता बरं का. मुलखावरून इतर शीख सरदारांशीच भांडला, हरला, सतलजपार हांसी-हिसारकडे गेला. तिथून दिल्लीपर्यंत धडका मारल्या. 1783 मध्ये लाल किल्ल्यात शिरलेल्या शिखांमध्ये तोही होता. तिथून आणलेली म्हणतात ती दगडी शिळा आजही सुवर्णमंदिराशेजारच्या रामगढिया बुंग्यात आहे. मग रणजितसिंहांचे वडील महासिंग यांच्याशी हातमिळवणी करून त्याने गेलेला मुलूखही परत मिळवला.

1803 मध्ये तो वारला. लाहोरात तेव्हा रणजितसिंह होते, आणि त्याच वर्षी दिल्ली शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेली.

इतक्या उलथापालथीत त्याने बाजू अनेकदा बदलल्या, बहुतेक वेळा फायदा बघूनच. पण नाव मिळालं ते ज्या एका वेळी फायदा बघितला नाही, त्या वेळचं. पुढच्या इंटरव्ह्यूत तोच प्रश्न आला, तर निदान खरं उत्तर देईन म्हणतो.

तुम्ही कधी तोट्याची बाजू धरलीत? नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!